डब्यात जे आहे, तेच डब्यावर लिहा : सप्लिमेंट कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
प्रोटीन पावडर, गेनर, क्रिएटिन, प्री-वर्कआउट आणि फॅट बर्नर बनवणाऱ्या व विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे मालक, उत्पादनप्रमुख आणि जाहिरात विभाग यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र लिहिणारे आम्ही व्यायाम शिकवणारे आणि व्यायाम करणाऱ्यांचा आहार आखून देणारे लोक आहोत. आपला डबा घेतलेला माणूस तो उघडण्याआधी, किंवा अर्धा संपल्यावर, आम्हाला विचारतो : यात लिहिलंय तेवढं खरंच असतं का? या प्रश्नाला छातीठोकपणे उत्तर देता येईल एवढी माहिती आपण डब्यावर छापत नाही. प्रमाण विचारलं की फॉर्म्युला गोपनीय असल्याचं कळवता. बॅचचा तपासणी अहवाल मागितला की कारखान्याचं प्रमाणपत्र पाठवता. कारखाना स्वच्छ आणि शिस्तीचा आहे एवढंच त्या प्रमाणपत्रावरून कळतं. आमच्या हातातल्या डब्यात काय भरलंय, ते कळत नाही.

सगळ्याच कंपन्या फसवतात असं आमचं अजिबात म्हणणं नाही. नीट काम करणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्यांचं नुकसान होतंय म्हणूनही हे लिहितोय. प्रामाणिक डबा आणि लबाड डबा बाहेरून अगदी सारखे दिसतात, कारण दोन्हींवर सारखंच आणि सारखंच अपुरं लिहिलेलं असतं.

सुरुवात प्रथिनांच्या आकड्यापासून करतो, कारण तोच सगळ्यात मोठ्या अक्षरात छापता. प्रयोगशाळेत सहसा प्रथिन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात. योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवलेली पद्धत आजही चालते, आणि तिच्या जागी वापरतात ती ड्यूमा पद्धतही नायट्रोजनच मोजते. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणून मिळालेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचं, दुधाच्या प्रथिनांसाठी ६.३८ ने, की प्रथिनांचा आकडा तयार. हा नायट्रोजन आला कुठून, हे यंत्राला कळत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेलं दूध चाचणीत पास व्हावं म्हणून मेलामाइन मिसळलं गेलं ते याच फटीतून. मेलामाइनच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. त्या दुधाच्या पावडरीने तान्ह्या बाळांची मूत्रपिंडं बिघडली, काही बाळं दगावली.

व्हे पावडरीत, म्हणजे चीज करताना उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांच्या पावडरीत, एवढं टोकाला जावं लागत नाही. ग्लायसिन, टॉरिन, क्रिएटिन हे नायट्रोजन असलेले पदार्थ विकायला बंदी नाही, ते व्हेच्या प्रथिनापेक्षा स्वस्त पडतात आणि चवीत सहज लपतात. ६.२५ ने गुणून हिशेब करून पाहा. एक ग्रॅम ग्लायसिन चाचणीत सुमारे १.१७ ग्रॅम प्रथिन म्हणून दिसतं. एक ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट सुमारे १.७६ ग्रॅम म्हणून दिसतं. आता २४ ग्रॅम प्रथिनाच्या स्कूपमधून (डब्यातल्या मापाच्या चमच्यातून) ५ ग्रॅम खरं प्रथिन काढून घ्या आणि त्या जागी ३ ग्रॅम ग्लायसिन आणि १ ग्रॅम क्रिएटिन टाका. चाचणी सांगेल ५.२६ ग्रॅम. म्हणजे प्रथिन गेलं आणि आकडा उलट थोडा वाढला. ग्लायसिन एकटं स्नायू बांधत नाही आणि क्रिएटिन तर प्रथिनच नाही. घेणाऱ्याला मात्र २४ ग्रॅम घेतल्याचं समाधान मिळतं आणि शरीराला १९ ग्रॅम मिळतं.

हे पकडता येतं, आणि कसं पकडायचं ते आपल्याला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. व्हेच्या प्रथिनात ल्युसिन हे अमिनो आम्ल साधारण १० ते ११ टक्के असतं, म्हणजे २४ ग्रॅम प्रथिनामागे अडीच ग्रॅमच्या आसपास. ग्लायसिन मात्र फार कमी, तेवढ्याच प्रथिनामागे अर्ध्या ग्रॅमच्या जवळपास. अहवालात ग्लायसिन तीन-साडेतीन ग्रॅम दिसलं तर ते वरून घातलेलं आहे. काही जण ल्युसिनही सुटं मिसळून तो आकडा सावरून घेतात. म्हणून नुसता ल्युसिनचा आकडा पुरत नाही. सगळ्या अमिनो आम्लांचा तक्ता हवा, आणि त्यात सुटी अमिनो आम्लं वेगळी दाखवलेली हवीत.

भेसळ बाजूला ठेवली तरी काही लेबलं साध्या बेरजेतच बसत नाहीत. व्हेचं कॉन्सन्ट्रेट ८० म्हणजे कोरड्या वजनावर ८० टक्के प्रथिन. पावडरीत ५ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये कोको, स्वाद, गोडवा आणि लेसिथिन मिळून ३ ग्रॅम धरले, तर कॉन्सन्ट्रेटला उरले २७ ग्रॅम. त्यातून प्रथिन निघतं साडेवीस ग्रॅम. मग चॉकलेट स्वादाच्या, निव्वळ कॉन्सन्ट्रेटच्या ३० ग्रॅम स्कूपवर २४ ग्रॅम प्रथिन कसं छापलं जातं? आयसोलेट, म्हणजे जास्त प्रथिन असलेलं शुद्ध व्हे, मिसळलं असेल तर किती, ते लिहा. घटकांच्या यादीत आयसोलेटचं नाव पुढे आहे, एवढ्याने कोणाला काही कळत नाही.

गेनरवरचा, म्हणजे वजन वाढवण्याच्या पावडरीवरचा, प्रथिनांचा मोठा आकडा कित्येकदा 'दुधात मिसळल्यावर'चा असतो, आणि हे दोन शब्द बारीक अक्षरात मागच्या बाजूला असतात. दुधाचं प्रथिन आपण विकलेलं नाही. व्हेच्या डब्यावर 'साडेपाच ग्रॅम बीसीएए' (ल्युसिन धरून तीन अमिनो आम्लं) ठळक छापता, तेही २४ ग्रॅम व्हेमध्ये मुळातच असतं, वरून काही दिलेलं नसतं. ग्लुटामिन या अमिनो आम्लाचंही तेच. आणि स्कूप! तो आकारमान मोजतो, वजन नाही. प्रवासात पावडर खाली बसते, वरची मोकळी असते, त्यामुळे एकाच डब्यातला पहिला स्कूप आणि शेवटचा स्कूप सारखे भरत नाहीत. आम्ही लोकांना सांगतो की सपाट केलेले दहा स्कूप स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि दहाने भागा. हे काम खरं तर आपण डबा भरताना करायला हवं होतं.

आमची आणखी एक गंभीर तक्रार 'प्रोप्रायटरी ब्लेंड' या नावाबद्दल आहे. पाच-सात घटकांची नावं, त्यांचं एकत्रित वजन, आणि आतलं प्रमाण झाकलेलं. आपण म्हणता स्पर्धकाने नक्कल करू नये म्हणून. पण स्पर्धकाकडे प्रयोगशाळा आहे, तो आठवडाभरात आपला डबा उलगडून बघू शकतो. अंधारात राहतो तो फक्त घेणारा.

प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीचा, ६ ग्रॅमचा ब्लेंड घ्या. नावं मोठी : सिट्रुलिन मॅलेट, बीटा-अ‍ॅलानिन, क्रिएटिन, टायरोसिन, कॅफीन. आता ज्या अभ्यासांच्या जोरावर ही नावं छापता त्यातली मात्रा बघू. सिट्रुलिन मॅलेट ६ ते ८ ग्रॅम. बीटा-अ‍ॅलानिन रोज ३.२ ते ६.४ ग्रॅम आणि तेही काही आठवडे सलग, कारण ते स्नायूत हळूहळू साठतं. क्रिएटिन रोज ३ ते ५ ग्रॅम. कमीत कमी धरून या तिघांचीच बेरीज १२ ग्रॅमच्या वर जाते. ती सहा ग्रॅममध्ये मावत नाही. म्हणजे यातला एखादा घटक पुरेसा असेल आणि बाकीचे चिमूटभर, नाहीतर सगळेच अपुरे. बीटा-अ‍ॅलानिनने चेहरा आणि हात झिणझिणतात, आणि नवख्या मुलांना वाटतं की माल काम करतोय. ती झिणझिण त्वचेतल्या मज्जातंतूंची आहे, तिचा त्या दिवशीच्या ताकदीशी संबंध नाही. हे जाहिरातीत आपण कधी सांगितलं आहे का?

कॅफीनच्या बाबतीत हा झाकलेपणा धोक्याचा ठरतो. निरोगी प्रौढाला दिवसात सगळं मिळून ४०० मिलिग्रॅमपर्यंत, आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं. व्यायामासाठी उपयोग दिसतो तो शरीराच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅमला. एका स्कूपमध्ये ३०० मिलिग्रॅम असेल तर १०० किलोच्या माणसाला ती हलकी मात्रा आहे आणि ५० किलोच्या मुलीला वरची हद्द. दोघांनाही डब्यावर 'एक स्कूप' एवढंच लिहिलेलं मिळतं. त्यातच ग्वाराना आणि ग्रीन टी अर्क वेगळ्या नावाने यादीत असतात, त्यांच्यातलं कॅफीन बेरजेत धरलेलं नसतं. संध्याकाळी व्यायाम करणारा रात्री दोन वाजेपर्यंत जागा राहतो, दुसऱ्या दिवशी थकलेला असतो, आणि मग दीड स्कूप घेतो. शरीरातलं निम्मं कॅफीन उतरायलाच पाच-सहा तास लागतात, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

इथवर जे लिहिलं त्यात माणसाचे पैसे आणि झोप जाते. यापुढचं त्याहून वाईट आहे.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या पैशाने जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतून घेतलेली ६३४ सप्लिमेंट तपासली, निष्कर्ष २००४ मध्ये छापले. लेबलवर एकाही हार्मोनचं नाव नसलेल्या या मालापैकी ९४ मध्ये, म्हणजे १४.८ टक्के डब्यांत, अ‍ॅनाबॉलिक (स्नायू वाढवणाऱ्या) स्टेरॉइड वर्गातले पदार्थ सापडले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २००७ ते २०१६ या काळातल्या नोंदी २०१८ मध्ये तपासल्या गेल्या तेव्हा औषधांची भेसळ असलेली ७७६ सप्लिमेंट निघाली. त्यातली ९२ स्नायू वाढवण्यासाठी विकली जात होती आणि ३१७ वजन कमी करण्यासाठी. डीएमएए हा पदार्थ १९४० च्या दशकात चोंदलेल्या नाकावरचं औषध म्हणून आला होता. तोच पुढे जिरेनियमच्या झाडाचा अर्क म्हणून प्री-वर्कआउटमध्ये शिरला. तो रक्तवाहिन्या आवळतो आणि रक्तदाब चढवतो. 'सार्म' (स्टेरॉइडसारखा परिणाम करणारी, स्नायू वाढवणारी रसायनं) या नावाने ऑनलाइन विकलेल्या ४४ मालांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लेबलवरचं प्रमाण त्यातल्या फक्त १८ मालांत जुळलं, आणि चारांत कामाचा पदार्थच नव्हता.

हे सगळं मुद्दाम घातलेलं असतं असंही नाही. ज्या मिश्रणयंत्रात सकाळी हार्मोनचा माल फिरला, तेच नीट न धुता दुपारी आपल्या पावडरीसाठी वापरलं तरी अंश उरतो. कंत्राटी कारखान्यात अनेक कंपन्यांचा माल एकाच ओळीवर भरला जातो, तिथे हा धोका कायमचा आहे. उत्तेजक चाचणीत नापास झालेल्या खेळाडूला मात्र "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटता येत नाही. शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी त्याची, असा जागतिक उत्तेजकविरोधी संहितेचा नियम आहे. चूक कारखान्यातली आणि बंदी खेळाडूवर.

आणि जो स्पर्धेत उतरत नाही, त्याचं यकृत आहेच. लपवलेल्या स्टेरॉइडने पित्त तुंबून कावीळ होते. ग्रीन टीच्या अर्कातलं ईजीसीजी दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त पोटात गेलं की रक्तात यकृताची एन्झाइम वाढलेली दिसतात (यकृताला इजा होत असल्याची खूण), असं युरोपच्या त्याच संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलं. आपल्या फॅट बर्नरवर 'ग्रीन टी अर्क' असतं, ईजीसीजी किती ते नसतं. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, पुरळ नसताना अंगाला खाज सुटली तर माल त्याच दिवशी बंद करा आणि डबा घेऊन डॉक्टरांकडे जा, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. डबा घेऊन जाण्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्यावर खरं लिहिलेलं असेल.

जाहिरातीतल्या 'संशोधनाने सिद्ध'बद्दलही बोलायला हवं. २०१८ मध्ये ४९ अभ्यास आणि १,८६३ माणसं एकत्र धरून प्रथिनांचा हिशेब मांडला गेला. वजनी व्यायामासोबत जादा प्रथिन घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ०.३ किलोने जास्त वाढलं, आणि दिवसाला दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांच्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. तीनशे ग्रॅमचा हा खरा फायदा आहे आणि आम्ही तो कमी लेखत नाही. पण आपल्या जाहिरातीत महिन्याभरात दहा किलो दिसतात. याउलट, २०१४ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात एचएमबी (ल्युसिनपासून बनणारा पदार्थ) घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन १२ आठवड्यांत सरासरी ७.४ किलोने वाढल्याचं लिहिलं होतं. आधीच व्यायामात मुरलेल्या माणसांत एवढी वाढ पटण्याजोगी नाही, असं इतर संशोधकांनी उघडपणे लिहून कळवलं. तो आक्षेप कुठल्या डब्यावर आला? गोखरूचा अर्क, म्हणजे ट्रिब्युलस, रग्बी खेळाडूंना पाच आठवडे देऊन पाहिला, ताकदीत आणि स्नायूंत फरक पडला नाही. टेस्टोस्टेरॉन बूस्टरच्या यादीत तो अजून आहेच.

आधी-नंतरच्या फोटोंवर फार लिहीत नाही. पाणी तोडून, दिवा वरून लावून, सेट मारून फुगवलेलं अंग दोन तासांत वेगळं दिसतं. पण जो मॉडेल स्टेरॉइड घेतो त्याच्या हातात प्रथिनांचा डबा देऊन फोटो काढणं, हा सतरा-अठरा वर्षांच्या मुलाशी केलेला धडधडीत खोटेपणा आहे. सहा महिन्यांत तसं शरीर झालं नाही की तो स्वतःला दोष देतो आणि मग इंजेक्शनांची चौकशी करायला लागतो.

चांगलंही सांगतो. क्रिएटिन मोनोहायड्रेट हा आपल्या कपाटातला सर्वांत भरवशाचा माल. रोज ३ ते ५ ग्रॅम, तीन-चार आठवड्यांत स्नायूंतला क्रिएटिनचा साठा भरतो. रोज २० ग्रॅमची पाच-सात दिवसांची सुरुवात केली तर लवकर भरतो, नाही केली तरी बिघडत नाही. पहिल्या दिवसांत वाढलेला किलो-दीड किलो हे स्नायूंतलं पाणी आहे. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांच्या तपासणीत मोजतात ते टाकाऊ द्रव्य) थोडं वाढलेलं येऊ शकतं, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना सांगावं. एवढी चार वाक्यं डब्यावर छापायला जागा नाही म्हणता, आणि शरीरात झपाट्याने क्रिएटिनिनमध्ये मोडून जाणारं एथिल एस्टर 'नव्या पिढीचं क्रिएटिन' म्हणून विकता. जे सिद्ध झालंय ते साधं वाटतं म्हणून मागे ढकलायचं, ही आमची आणखी एक तक्रार.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. 'ब्लेंड' हा शब्द बंद करा. प्रत्येक कामाच्या घटकाचं प्रमाण ग्रॅम किंवा मिलिग्रॅममध्ये लिहा. सगळ्या स्रोतांचं मिळून कॅफीन वेगळ्या ओळीत द्या आणि ते शरीराच्या वजनाप्रमाणे किती घ्यायचं तेही लिहा.

२. प्रत्येक बॅचचा अहवाल डब्यावरच्या कोडला जोडा. त्यात अमिनो आम्लांचा पूर्ण तक्ता आणि सुटी अमिनो आम्लं हवीत. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांचे आकडे हवेत. वनस्पतींची मुळं जमिनीतून शिसं आणि कॅडमियम ओढून घेतात आणि कोकोतही कॅडमियम येतं, त्यामुळे वनस्पतिज आणि चॉकलेट स्वादाच्या मालाला हे जास्तच लागू आहे. बंदी असलेल्या पदार्थांची चाळणी हवी. चाचणीची पद्धत, तारीख आणि प्रयोगशाळेचं नाव हवं, आणि प्रयोगशाळा आयएसओ १७०२५ (प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यतेची हवी. नमुना तिने बाजारातून उचललेला असावा, आपण निवडून पाठवलेला नसावा. 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'सारख्या योजनेत प्रत्येक बॅच विक्रीआधी तपासली जाते, तेव्हा हे अशक्य आहे असं कोणी सांगू नये.

३. प्रथिनांचा आकडा नायट्रोजनवरून काढू नका. सुटी सोडून, प्रथिनात बांधलेल्या अमिनो आम्लांवरूनच तो काढा.

४. 'संशोधनाने सिद्ध' लिहिलंत तर शेजारी चार गोष्टी लिहा : अभ्यासात मात्रा किती होती, माणसं किती, किती आठवडे, आणि पैसे कोणी दिले. आपल्या स्कूपमधली मात्रा त्याहून कमी असेल तर तो दावा काढून टाका.

५. पैसे किंवा फुकट माल घेऊन बोलणाऱ्याच्या प्रत्येक व्हिडिओवर ते स्पष्ट दिसू द्या.

६. खरा-खोटा माल ओळखण्याचा कोड आतल्या सीलखाली ठेवा, आणि तो आधी किती वेळा, कधी तपासला गेला ते दाखवा. बाहेर छापलेला एकच कोड हजार नकली डब्यांवर उतरवता येतो आणि प्रत्येक वेळी उत्तर 'अस्सल' असंच येतं.

७. एखाद्या बॅचमध्ये दोष निघाला तर तिचा क्रमांक आपल्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर लावा आणि माल परत घ्या. दुकानदाराला गुपचूप बदलून देऊ नका.

उत्तर द्यायचं असेल तर निवेदन पाठवू नका. आम्ही दुकानातून एक डबा उचलू, त्याच्या तळाशी छापलेला बॅच क्रमांक आपल्याला कळवू. त्या बॅचचा अहवाल, वरच्या दुसऱ्या मागणीतल्या सगळ्या आकड्यांसह, सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा.

आपले,
व्यायाम शिकवणारे आणि आहार आखून देणारे